रॉयल आयसिंगचा केक फ्रिजमध्ये नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नाताळच्या फराळाचं पान वाचलं. नेवऱ्या, कुलकुल, दोदोल सगळं नीट लिहिलं होतं. फक्त खालच्या चौकटीत केकबद्दल एक सूचना होती, की सजवलेला केक घरी आणल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवावा म्हणजे आयसिंग टिकतं. व्हीप क्रीमच्या केकला हे लागू आहे. रॉयल आयसिंगच्या केकला लागू नाही, उलट त्याने केक नासतो. आमच्या वसईत नाताळात आणि लग्नात आजही रॉयल आयसिंगचे केक होतात, आणि ही सूचना वाचून कितीतरी घरांत चार दिवसांची मेहनत फ्रिजमध्ये जाईल या काळजीने हे पत्र लिहीत आहे.

मी वसईत पापडीच्या बाजूला राहते. गेली ३४ वर्षं लग्नाचे, बाप्तिस्म्याचे आणि नाताळचे केक करते. त्याआधी आई करायची. तिचा हात बघत बघत शिकले. माझ्याकडे फोन येतो तो जवळजवळ एकाच प्रश्नासाठी: "आंटी, केक फ्रिजमध्ये ठेवला, चालेल ना?" तोवर केक आत गेलेला असतो.

ज्यांनी हे आयसिंग कधी हाताळलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. अंड्याचा पांढरा बलक, आयसिंग शुगर आणि लिंबाच्या रसाचे काही थेंब, एवढंच. एका अंड्याच्या पांढऱ्याला साधारण पाव किलो साखर लागते. फेटत गेलं की ते दाट होतं, चमचा उचलला की टोक उभं राहतं. भांड्याला तुपाचा हात जरी लागलेला असला तरी फेस धरत नाही, म्हणून आई भांडं आधी लिंबाच्या फोडीने पुसून कोरडं करायची. लावताना हे आयसिंग ओलं असतं, पण एका रात्रीत वाळून चुन्याच्या गिलाव्यासारखं पांढरं आणि टणक होतं. त्याच्या खाली मार्झिपान, म्हणजे बदामाच्या किंवा काजूच्या पुडीत साखर घालून केलेल्या लगद्याचा थर असतो, आणि मार्झिपानच्या खाली रममध्ये मुरवलेल्या बेदाणे, मनुका, चेरी, संत्र्याच्या सालीचा फ्रूट केक. मार्झिपान केवळ चवीसाठी नसतं. केकचं तूप आणि काळा रंग वर येऊन पांढऱ्या आयसिंगला डाग पडू नयेत म्हणून ती मधली भिंत असते. मार्झिपान लावल्यावर दोन-तीन दिवस ते सुकू देतात आणि मगच आयसिंग चढवतात. घाईत हा वेळ काढून टाकला की आठवड्याभरात पिवळे ठिपके दिसायला लागतात.

म्हणजे शेवटी ही वाळवलेली साखर आहे. आपल्या मराठी घरांत वाळवलेल्या साखरेच्या वस्तू काही नव्या नाहीत. संक्रांतीला सुनेसाठी आणि बाळाच्या बोरनहाणासाठी हलव्याचे दागिने करतात. पाडव्याला गुढीला साखरेची गाठी बांधतात. देवाला बत्तासे असतात. यातलं काहीही कधी कोणी फ्रिजमध्ये ठेवलं आहे का? शेजारच्या काकू हलवा करायच्या तेव्हा मी लहान होते. थंडी कोरडी पडल्याशिवाय त्या परात चुलीवर चढवत नसत. हवेत ओल असली की काटा येत नाही, म्हणायच्या. रॉयल आयसिंगलाही तीच कोरडी हवा लागते. थंडावा त्याला नको असतो, कोरडेपणा हवा असतो, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला सांगायचं आहे.

मलाही हे नीट कळलं ते एका लग्नात.

दोन वर्षांपूर्वी, जानेवारीत, एका मुलीच्या लग्नाचा तीन मजली केक केला होता. खालचा मजला खरा, पाच किलोंचा फ्रूट केक. वरचे दोन थर्माकोलचे, कारण एवढा केक कापून खपत नाही आणि उंची तर सगळ्यांना हवी असते. मुलीला गडद लाल गुलाब हवे होते. पांढऱ्यावर गडद लाल मी शक्यतो घेत नाही, पण तिच्या आजीच्या लग्नातल्या साडीचा तो रंग होता, म्हणून तयार झाले. चार रात्री बसून ७२ गुलाब नोझलने काढले, बटर पेपरवर वाळवले. लग्नाच्या सकाळी अकराच्या सुमारास केक हॉलवर पोचवला, एसीच्या खोलीत टेबलावर मांडला, तिथल्या माणसाला सांगितलं की याला हात लावू नका, आणि चर्चमध्ये मिस्साला गेले.

दुपारी कामाची माणसं बदलली. नंतर आलेल्या मुलाला वाटलं, एवढा मोठा केक उघड्यावर राहिलाय, खराब होईल. त्याने तिन्ही मजले उचलून भाजी-पनीर ठेवायच्या थंड खोलीत नेले. संध्याकाळी साडेसातला केक लॉनवर आणला. जानेवारी असली तरी वसईची संध्याकाळ, समुद्र दोन-तीन किलोमीटरवर. मी पोचले तेव्हा केक घामेजलेला होता. दहा मिनिटांत पांढऱ्या भिंतीवर चकाकी आली, मग गुलाबांच्या मुळाशी लाल पाणी साठलं आणि ओघळ खाली उतरले. नवरी-नवरा सुरी घेऊन उभे होते, फोटोवाला थांबला होता. मी रुमालाने टिपायला गेले आणि रंग आणखी पसरला. ओल्या आयसिंगला पुसायचं नसतं हे मला माहीत होतं, तरी हात गेला.

त्या मुलाला मी रागावले नाही. एकोणीस-वीस वर्षांचा असेल. केक म्हणजे फ्रिज हेच त्याने सगळीकडे ऐकलं होतं, तुमच्या पुरवणीतही तेच आलं आहे. त्याने आपल्या परीने काळजीच घेतली होती.

एक गोष्ट मात्र मनात राहिली. रंग ओघळला तो खालच्या, खऱ्या केकचा. वरच्या दोन थर्माकोलच्या मजल्यांवर तेच आयसिंग, तेच गुलाब, तोच माझा हात, आणि तेही त्याच थंड खोलीत सहा-सात तास होते. त्यांना जरासा चिकटपणा आला, पण रंग जागचा हलला नाही. घरी येऊन विचार केला तेव्हा उलगडलं. थर्माकोल हलकं असतं, त्यात थंडावा साठत नाही, बाहेर आणल्यावर वरचा साखरेचा थर लगेच हवेइतका गरम झाला. पाच किलोंचा केक मात्र पोटात गारवा धरून बसला होता आणि तासभर तरी वरच्या आयसिंगला आतून थंड करत राहिला. जोवर पृष्ठभाग गार, तोवर हवेतली वाफ त्यावर पाणी होऊन बसणारच.

फ्रिजमधली पाण्याची बाटली बाहेर काढली की तिला घाम फुटतो, हे रोज बघतो आपण. तोच प्रकार. आपल्या किनाऱ्यावर हवेत ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असली, तर २६ अंशांहून गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. फ्रिजमधला केक ४-५ अंशांवर असतो. बाटलीवरचं पाणी ओघळून जातं, काचेला काही होत नाही. साखर मात्र ते पाणी पिऊन घेते. आधी चकाकते, मग चिकट होते, मग मऊ पडते आणि रंग सोडते. लाल, काळा, गडद निळा हे रंग सगळ्यात आधी पळतात. फ्रिजमध्ये असतानाही दार उघडलं-लावलं की दमट हवा आत शिरते, शेजारी कोथिंबीर, उघडं कालवण, ओली फळं असतात, त्याची ओल आणि वासही आयसिंग घेतं. माशाच्या वासाचा नाताळचा केक मी खाल्ला आहे. खर्च झालेले काजू-बदाम आठवून वाईट वाटलं.

आणि आतल्या केकचंही भलं होत नाही. रात्रीचा भात फ्रिजमध्ये ठेवला की सकाळी दाणा टणक होतो ना? मैद्याचंही तसंच आहे. शिजलेल्या पिठातला स्टार्च गोठणबिंदूच्या जरा वरच्या थंडीत, म्हणजे नेमका फ्रिजच्या तापमानाला, सर्वांत लवकर घट्ट होतो. म्हणून पाव आणि साधा स्पंज केक बाहेरपेक्षा फ्रिजमध्ये लवकर शिळा लागतो. वर लोणी थिजतं ते वेगळंच. लोक म्हणतात, "आंटी, केक कोरडा झाला होता." मी विचारते, कुठे ठेवला होता?

मग बाहेर ठेवला तर खराब होणार नाही का, हा प्रश्न रास्त आहे. मुरवलेल्या फ्रूट केकमध्ये साखर, सुकी फळं आणि दारू एवढी असते की जंतूंना वाढायला मोकळं पाणीच उरत नाही. मोरांबा बरणीत टिकतो तो याच कारणाने. इंग्लंडमध्ये लग्नाच्या केकचा वरचा मजला पहिल्या बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी राखून ठेवायची रीतच होती, आणि ती फ्रिज घरोघरी येण्याच्या कितीतरी आधीपासूनची. १९८१ साली चार्ल्स आणि डायना यांच्या लग्नातल्या एका केकचा तुकडा, वर साखरेत काढलेलं राजचिन्ह असलेला, केकच्या पत्र्याच्या डब्यात जपला गेला आणि ४० वर्षांनी, २०२१ मध्ये, लिलावात विकला गेला. तो खायचा नाही हे उघड आहे. पण साखरेचं काम डब्यात ४० वर्षं ओळखू येण्याजोगं राहिलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्या पुण्याच्या केक-कलाकार प्राची धबल देब यांनी तर अंड्याशिवायच्या रॉयल आयसिंगमध्ये मिलानच्या कॅथेड्रलची १०० किलोंची प्रतिकृती उभी केली. त्यातले बारीक कमानी-मनोरे उभे राहिले ते वाळलेल्या साखरेच्या ताकदीवर.

आमच्याकडे लोक केक फ्रिजमध्ये टाकतात त्याचं खरं कारण बरेचदा मुंग्या हे असतं. वाडीतलं घर, दाराशी केळी-नारळ, मुंग्या येणारच. आई केकचा बोर्ड एका उपड्या वाडग्यावर ठेवायची आणि वाडगं पाण्याच्या परातीत. वर खोक्याचं झाकण. हा उपाय मी अजून करते. जाळीचं जुनं कपाट असेल तर त्याच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या की झालं. जागा निवडताना ऊन येणारी खिडकी नको, कारण गुलाबी आणि जांभळा रंग उन्हाने उडतो. गॅसपासून आणि मोरीपासूनही लांब. एसीची खोली असेल तर फारच चांगलं, एसी हवा गार करताना ओलही खेचून घेतो.

खोकं पुठ्ठ्याचंच असावं. इथे पुष्कळ जण प्लास्टिकचा घट्ट झाकणाचा डबा घेतात. वाळलेल्या आयसिंगच्या बिस्किटांना तो ठीक आहे, पण केकच्या पोटातली ओल घट्ट डब्यात कोंडते आणि आयसिंग आतूनच सादळतं. पुठ्ठा श्वास घेतो. पावसाळ्यात नुसती फुलं करून ठेवायची तर मी बटर पेपरचे थर देऊन खोक्यात ठेवते आणि कोपऱ्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकते. फुलांना त्या चिकटू देत नाही, आणि घरात लहान मूल असेल तर पुड्या मोजून ठेवते, मोजून काढते. जून ते सप्टेंबर आईच्या कपाटात ४० वॉटचा दिवा दिवसरात्र जळायचा. त्याच्या उबेने फुलं खडखडीत राहायची. आता तसे दिवे मिळेनासे झाले, मी टेबल फॅन लावते.

लग्नातल्या त्या प्रकारानंतर मी घरी करून पाहिलं. उरलेल्या लाल गुलाबांचे पाच-पाचचे गट केले, केकच्या छोट्या तुकड्यांवर मार्झिपान-आयसिंग लावून त्यावर बसवले. एक गट कपाटात. दुसरा फ्रिजमध्ये उघडा. तिसरा खोक्यात घालून, खोक्याला बाहेरून क्लिंग फिल्म गुंडाळून फ्रिजमध्ये. दोन दिवसांनी काढले. उघडा ठेवलेला बाहेर आल्यावर दहा-बारा मिनिटांत चिकट झाला. खोक्यातला मी उघडलाच नाही, तीन तास तसाच टेबलावर राहू दिला. दव सगळं बाहेरच्या प्लास्टिकवर धरलं, आतले गुलाब जवळजवळ जसेच्या तसे. कपाटातले तीन आठवड्यांनीही खणखणीत होते. तेव्हा एखाद्याला फ्रिजशिवाय गत्यंतरच नसेल, आत क्रीम चीज किंवा कस्टर्ड भरलेलं असेल, तर हा मार्ग आहे: खोकं, वर प्लास्टिक, आणि बाहेर काढल्यावर खोली आणि खोक्याचं तापमान एक होईपर्यंत उघडायचं नाही. घाम आलाच तर पुसू नका. पंख्याखाली दूर ठेवा, पुष्कळसा आपोआप सुकतो.

आता उलट बाजूही तितक्याच स्पष्टपणे लिहिते, नाहीतर माझं पत्र वाचून कोणी आजारी पडेल. व्हीप क्रीम, ताजी फळं, क्रीम चीज, कस्टर्ड, ओलं भरण असलेला कुठलाही केक फ्रिजमध्येच ठेवायचा, आणि तो दोन तासांहून जास्त, ३२ अंशांवरच्या उकाड्यात तर तासाहून जास्त, बाहेर राहू द्यायचा नाही. अशा केकवर रॉयल आयसिंगची फुलं हवी असतील तर ती वेगळ्या खोक्यात द्या आणि कापायच्या थोडं आधी लावा. क्रीमवर ती काही तासांत विरघळतात. आणि कच्च्या अंड्याचं म्हणाल, तर साल्मोनेलाचा धोका खरा आहे. वाळल्यावर जंतू वाढत नाहीत, पण आधीपासून असलेले मरतही नाहीत. म्हणून आठ वर्षांपूर्वी मी अंडी फोडणं बंद केलं. आता मेरिंग पावडर, म्हणजे जंतू मारलेल्या अंड्याच्या पांढऱ्याची सुकी पूड, वापरते. गरोदर बायका, म्हातारी माणसं, लहान मुलं ज्या घरात आहेत तिथे कच्च्या अंड्याचं आयसिंग देऊच नये असं माझं ठाम मत आहे. कोणी अजून कच्च्या अंड्याच्या पांढऱ्याचं करत असेल तर भांड्यातलं ओलं आयसिंग झाकून फ्रिजमध्येच ठेवावं आणि लगेच संपवावं. गोंधळ इथेच होतो. तेच आयसिंग ओलं असताना फ्रिजमध्ये जातं आणि वाळल्यावर बाहेर राहतं.

दुकानातल्या सुट्या मिठाईच्या ट्रेवर ती कधीपर्यंत खावी ही तारीख लावायची सक्ती १ ऑक्टोबर २०२० पासून आली. ऑर्डरचा केक नेताना मात्र गिऱ्हाईकाच्या हातात नुसतं खोकं पडतं. आत काय भरलंय, वर काय आहे, कुठे ठेवायचा, काहीच लिहिलेलं नसतं. आम्ही घरगुती केक करणाऱ्या बायका ही चूक सगळ्यात जास्त करतो, मीही तीस वर्षं केली. तोंडी सांगायचं आणि समजायचं की कळलं. हॉलवर मी ज्याला सांगितलं तो माणूस दुपारी घरी गेला, आणि माझं सांगणं त्याच्याबरोबरच गेलं. त्यानंतर प्रत्येक खोक्यावर मी मोठ्या अक्षरांत मराठीत आणि हिंदीत चिठ्ठी चिकटवते: 'फ्रिजमध्ये ठेवू नये. कोरड्या जागी, उन्हापासून दूर. आत फ्रूट केक, मार्झिपान (काजू). अमुक तारखेपर्यंत खावा.' काजू-बदाम मुद्दाम लिहिते, कारण कोणाला त्याची ॲलर्जी असू शकते आणि पांढऱ्या आयसिंगखाली ते दिसत नाहीत. क्रीमच्या केकवर दुसरी, निळ्या कागदाची चिठ्ठी: 'लगेच फ्रिजमध्ये ठेवावा.' छापायला शंभर चिठ्ठ्यांचे फार पैसे पडत नाहीत. केक करणाऱ्या सगळ्यांनी हे करावं, आणि हॉलवाल्यांनीही केक उतरवून घेताना आधी विचारावं, मगच हलवावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आपल्याकडेही एक मागणं आहे. ती चौकट दुरुस्त करून पुन्हा छापा. 'सजवलेला केक' असं मोघम न लिहिता वर क्रीम आहे की रॉयल आयसिंग हे बघून ठेवा, एवढं लिहिलंत तरी पुरे. मात्र १५ डिसेंबरच्या आत छापावं, कारण त्या आठवड्यापासून आमच्याकडचे केक घराघरांत जायला लागतात. माझे अकरा केक आत्ता मार्झिपान लावून पुढच्या खोलीत सुकत आहेत, त्यांच्यावर परवापासून आयसिंग चढेल.

आपली नम्र,
केक करणारी एक वाचक
वसई, जि. पालघर
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)